चौकातला फ्लेक्स

महादेवप्पांचं शिरूर अनंतपाळच्या चौकात भांड्यांचं दुकान. गिऱ्हाइकाला पातेली वाजवून दाखवण्यात सारा जन्म गेला. म्हणूनच की काय, आपल्या घराचाही आवाज बाहेर खणखणीत यावा, ही त्यांना भारी हौस. घरीदारी सगळे त्यांना अप्पाच म्हणत.

लेक अक्षरा नांदेडच्या एका दवाखान्यात नर्स. जर्मनीला जायचे तिच्यापुढे दोन रस्ते होते. एक शिक्षणाचा व्हिसा, तो दुकान गहाण टाकून. दुसरा कामाचा, तिथल्या वृद्धाश्रमात नोकरी, पहिल्या महिन्यापासून पगार.

"अप्पा, मला कामावरच जायचंय," तिनं फोनवर सांगितलं. "सोमवारी होकार कळवायचाय. पण तुम्ही न्हाई म्हणलाव तर न्हाई."

"परमुलखात म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणं काढाय पोरगी धाडली म्हणतील लोक!" अप्पा कडाडले. "रविवारी ये, मग बोलू."

बोलणं व्हायच्या आधीच अप्पांनी विरूपाक्षच्या हॉटेलात चहा पिता पिता सांगून टाकलं, की पोरगी शिकायला जर्मनीला चालली. बाजारात तुरी, तशातली गत. पुतण्या राजशेखर तर असल्या संधीवर टपलेलाच असतो. शनिवारी त्यानं चौकात फ्लेक्स लावला: 'उच्च शिक्षणासाठी जर्मनीला निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली सगळ्या भावकीचे फोटो.

बघून राजशेखरला 'काढ' म्हणावं, असं अप्पांच्या ओठावर आलंही. पण लगेच वाटलं, बरंच झालं, आता पोरीला मागं फिरता यायचं नाही. असला विचार मनात आल्याची बापाला लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

रविवारी अक्षरा एसटीतून उतरली ती फ्लेक्ससमोरच. फोटोत तिच्या अंगावर काळा झगा, डोक्यावर पदवीची टोपी, हातात भेंडोळं.

"अप्पा, तोंड माझंय," ती हळूच म्हणाली. "धड कुणाचं हाय?"

दिवसभर शाल-नारळ घेऊन माणसं येत राहिली. अक्षरा सगळ्यांच्या पाया पडली. संध्याकाळी भाकरी मोडता मोडता म्हणाली, "शिकायलाच जाते, अप्पा. चौकात लागल्यावर आता काय बोलावं?"

अप्पा जिंकले, आणि हातातला घास त्यांनी परत ताटात ठेवला. त्यांची आई शिवम्मा याच घरात अंथरुणाला खिळून गेली. अप्पा नाकाला रुमाल लावून दारातूनच विचारपूस करायचे. तिचं धुणं-पुसणं, भरवणं सगळं शाळकरी अक्षरानं केलं. शेवटी म्हातारी लेकाला विसरली, नातीला नाही. तेव्हा हेच अप्पा आल्या-गेल्याला सांगत, लेक असावी तर अशी.

सोमवारी सकाळी अक्षरा नांदेडच्या गाडीत बसली. अप्पांना राहवेना. त्यांनी दुकानातलं स्टूल ओढलं, वर चढले आणि फ्लेक्सची एक दोरी सोडली. कोपरा खाली लोंबला. गाडीच्या खिडकीशी अक्षरा उठून उभी राहिली. नोकरीला होकार कळवायला अजून अख्खा दिवस हातात होता. इतकं हसू तिच्या तोंडावर अप्पांनी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

"अप्पा, का काढायलाव?" विरूपाक्षनं हॉटेलातून हाक मारली. चहा पिणारी माणसंही वळून बघू लागली.

सांगायचं ते एका वाक्याचं होतं. अप्पांनी तोंड उघडलं.

"काढतोय कुठं? वाऱ्यानं सुटली व्हती, बांधायलोय."

आणि त्यांनी दोरी ताणून गाठ मारली. वर आणखी एक मारली. गाडी हलली, तेव्हा अप्पांची पाठ तिकडं होती.