वहिनींच्या चहाचा थर्मास

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. अडीच लिटरचा, निळ्या पत्र्याचा, एका अंगाला पोचा आलेला. माझं झाकण मूळचं नाही. आतली काचही मूळची नाही. ती कशी गेली ते पुढे सांगतोच. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची जी कामगार वसाहत आहे, तिथल्या एका स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी माझी जागा आहे.

माझा जन्म काचेच्या भट्टीपाशी झाला. काचेत काच बसवून दोन्हींच्या मधली हवा काढून घेतली, चंदेरी मुलामा दिला आणि वरून पत्र्याचा अंगरखा चढवला. मधे हवा नसली की आतली ऊब बाहेर जात नाही. एवढंच माझं शास्त्र.

पंचवीस वर्षांपूर्वी खडकी बाजारातल्या एका दुकानातून कौशल्याबाईंनी मला घेतलं. त्यांच्या कडेवर दोन वर्षांची नम्रता होती. दुकानदार माझं कौतुक सांगत राहिला, पण बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी मला कानाशी धरून हळूच हलवलं. आत काच खुळखुळत नाही अशी खात्री झाली, तेव्हाच मला पिशवीत घातलं. काही विकत घेताना इतकी काळजी घेणारी बाई मला मिळाली, याचा मला पहिल्या दिवशीच अभिमान वाटला.

मला आणलं होतं ते फुटबॉलसाठी. कौशल्याबाईंचे यजमान हिंदुराव मूळचे कोल्हापूरचे. तिकडे पेठापेठांत फुटबॉल चालतो. त्या मातीतल्या माणसाला पोटासाठी गाव सोडावं लागतं, पण फुटबॉल काही सुटत नाही. हिंदुराव कारखान्यात लागले, वसाहतीत राहायला आले आणि पहिल्याच रविवारी मैदान शोधत बाहेर पडले. तिथे त्यांना ‘अरुणोदय’ सापडला. हा वसाहतीतल्या पोरांचा संघ. पिवळे सदरे, ठिगळं लावलेली जाळी, आणि दर मोसमात तळाच्या आसपासचा क्रमांक. पण त्याच्यामागे बारा-पंधरा घरं उभी होती. बारसं असो की दहावा, ही घरं एकत्र असायची. त्यांचं नातं एकच, सगळे अरुणोदयवाले.

दर रविवारी दुपारी कौशल्याबाई माझ्यात आल्याचा चहा भरायच्या. सोळा कप. मैदानाच्या कडेला सतरंजी टाकून त्या बसायच्या, आणि मध्यंतराची शिट्टी झाली की माझं झाकण उघडायचं. हिंदुरावांचा आवाज तोवर बसलेला असायचा. “हाण की लेका! बघतोस काय, हाण!” असं ते अर्धा सामना ओरडलेले असत. त्यांचे जिवलग मित्र श्रीनिवास मात्र कधी ओरडले नाहीत. ते शनिवार पेठेत वाढलेले, कारखान्याच्या कचेरीत कारकून. छत्री टेकवून सरळ उभे राहायचे आणि पंच जवळून गेला की म्हणायचे, “अहो पंच, आपला चष्मा घरी राहिला असल्यास माझा देऊ का?”

मग सगळे हसत हसत माझ्याभोवती गोळा व्हायचे. “वहिनी, संघ हरला तरी चालेल, चहा हरता कामा नये,” असं श्रीनिवास दर वेळी म्हणायचे. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस.

बाईंना खेळातलं काही कळत नाही, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्या कप विसळायच्या, नम्रताला सावलीत ओढायच्या, कुणाच्या गुडघ्याला खरचटलं तर हळद लावायच्या. कोण जिंकलं हे त्या कधी विचारत नसत.

वर्षं गेली. नम्रता शिकली, संगणकाच्या कंपनीत नोकरीला लागली. आणि तीन वर्षांपूर्वी एक नवल घडलं. अरुणोदय अंतिम सामन्यात पोचला. वसाहतीत दिवाळी पुन्हा आल्यासारखं झालं. घरोघरी पिवळे रुमाल शिवले गेले.

त्याच दिवसांत कौशल्याबाईंचं पोट दुखत होतं. ते दुखणं फक्त मला माहीत होतं. चहा उकळेपर्यंत त्या ओट्याला धरून उभ्या राहायच्या. जेवण दोन घासांवर आलं होतं, आणि साडीच्या निऱ्या पोटावर घट्ट होत होत्या. अंतिम सामन्याच्या सकाळी त्या हिंदुरावांना म्हणाल्या, “अहो, आज जरा डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का? सकाळचा दवाखाना उघडा असतो.”

हिंदुराव आरशासमोर पिवळा रुमाल बांधत होते. “आज? अगं, आज फायनल आहे. उद्या सोमवारी जाऊ की. पित्त झालं असेल, लिंबू-सरबत घे.”

“बरं,” बाई म्हणाल्या.

त्यांनी मला भरायला घेतलं. पातेलं उचललं आणि ते त्यांच्या हातात कलंडलं. अर्धा चहा ओट्यावरून खाली गेला. त्या तिथेच फरशीवर बसल्या, पदर तोंडात धरून. थोड्या वेळाने उठल्या, फरशी पुसली, पुन्हा आधण ठेवलं आणि मला काठोकाठ भरून हिंदुरावांच्या हातात दिलं. “मी आज घरीच थांबते. कप मोजून आणा,” एवढंच म्हणाल्या.

अरुणोदय जिंकला. शेवटच्या पाच मिनिटांत गोल झाला आणि हिंदुराव लहान मुलासारखे रडले. श्रीनिवासांची छत्री मोडली, पण त्यांना पत्ता नव्हता. गुलालाने माझा निळा रंग दिसेनासा झाला. घरी आलो तेव्हा बाईंनी दार उघडलं आणि हसून विचारलं, “जिंकलात ना?” त्यांनी शिरा करून ठेवला होता.

सोमवारी मिरवणूक निघाली. मंगळवारी हिंदुरावांची पाळी बदलली. पुढच्या आठवड्यात संघाचा सत्कार होता. बाईंनी पुन्हा विषय काढला नाही, आणि दुखणं दिसत नव्हतं म्हणून हिंदुराव विसरले. तीन आठवड्यांनी त्या नळापाशी चक्कर येऊन पडल्या, तेव्हा नम्रता त्यांना दवाखान्यात घेऊन गेली.

त्यांच्या बीजाशयात गाठ होती आणि ती पोटभर पसरली होती. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “थोडं लवकर आला असतात तर बरं झालं असतं.” थोडं म्हणजे किती, हे विचारायची हिंदुरावांना हिंमत झाली नाही. मी त्यांच्या हातात होतो, गरम पाण्याने भरलेला. जिना उतरताना मी त्यांच्या हातून सुटलो. चार पायऱ्या घरंगळलो आणि आत माझी काच फुटली. आवाज ऐकून लोक थांबले. हिंदुराव पायरीवर बसून राहिले. पाणी त्यांच्या चपलांखालून वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी श्रीनिवास मला घेऊन रविवार पेठेतली दुकानं हिंडले. एक दुकानदार म्हणाला, “आतली काच कुठे शोधताय? नवीन थर्मास घ्या की.”

“आपला सल्ला मी विकत घ्यायला आलेलो नाही,” श्रीनिवास म्हणाले आणि पुढच्या दुकानात शिरले. पाचव्या दुकानात माझ्या मापाची काच मिळाली.

त्यानंतरचे आठ महिने माझ्यात चहा नव्हता. पेज होती, मुगाचं कढण होतं, वरणाचं पाणी होतं. आणि मित्रांनो, त्या आठ महिन्यांत मी अरुणोदयवाल्यांना नव्याने पाहिलं. मैदानावर घसा फोडणारी ही माणसं रुग्णालयाच्या खोलीबाहेर चपला काढून, पाय न वाजवता यायची. श्रीनिवासांनी सामन्यांच्या जुन्या वेळापत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पाळ्या लिहिल्या होत्या: सकाळी कोण, दुपारी कोण, पेज कुणाच्या घरून. रक्त लागलं तेव्हा संघाचे सात खेळाडू सराव टाकून आले. धायरीला राहणारा विश्वजीत, संघाचा गोलरक्षक, नोकरी सांभाळून दोन बस बदलून यायचा आणि बाईंच्या उशाशी नुसता बसून राहायचा. औषधांनी बाईंचे केस गेले, तेव्हा नम्रताने संघाचा पिवळा रुमाल त्यांच्या डोक्याला बांधला. “आता शोभतेस अरुणोदयची,” ती म्हणाली, आणि तोंड धुवायचं निमित्त करून बाहेर गेली.

एका दुपारी श्रीनिवास बाईंना नुकत्याच झालेल्या सामन्याची हकीकत सांगत होते. “आपला गोल नाकारला, वहिनी. सरळ सरळ अन्याय. पंचांना देवाने डोळे दिलेत ते केवळ शोभेसाठी.”

“कुणी मारला होता?” बाईंनी क्षीण आवाजात विचारलं.

“सौमित्रने. डावीकडून.”

“तो पास यायच्या आधीच पुढे पळतो, भाऊजी. ऑफसाइडच असणार.”

श्रीनिवास हिंदुरावांकडे बघू लागले.

“असे काय बघताय?” बाई म्हणाल्या. “इतकी वर्षं मी काय तिथे डोळे मिटून चहा ओतत होते? विश्वजीत उजवीकडे उशिरा झेप घेतो. आणि बाबांनो, तुमच्या मधल्या फळीत दम नाही, म्हणून तुम्ही हरता.”

त्या दिवशी त्या खोलीत सगळे खूप हसले. बाईही हसल्या, पोट धरून हसल्या. पण हिंदुराव हसले नाहीत. आपण बावीस वर्षं जिच्या शेजारी बसून सामने पाहिले, तिला एकदाही ‘तुला काय वाटतं?’ असं विचारलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं.

सगळे गेल्यावर ते पलंगाजवळ खुर्ची ओढून बसले. बराच वेळ माझं झाकण उघडत-लावत राहिले. मग म्हणाले, “कौशल्या, त्या दिवशी तू म्हणाली होतीस. डॉक्टरांकडे जाऊ म्हणून.”

“कोणत्या दिवशी?”

“फायनलच्या. सकाळी.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. “मी म्हणाले होते? मला नाही बाई आठवत. तुम्हीच काहीतरी मनाचं धरून बसलाय.”

मित्रांनो, त्यांना आठवत होतं. त्या दिवशीची ती फरशी, तो सांडलेला चहा, सगळं त्यांना आठवत होतं. मी साक्षीला होतो. पण हिंदुरावांना पुढे एकट्यानेच दिवस काढायचे होते, म्हणून बाईंनी तेवढं एक ओझं आपल्यासोबत न्यायचं ठरवलं. हिंदुरावांनी बाईंचा हात आपल्या कपाळाला लावला. त्यांचा विश्वास बसला की नाही, ते मला कधीच कळलं नाही.

आषाढातल्या एका सकाळी नम्रताने पेज भरून मला खोलीत आणलं. बाईंनी दोन चमचे घेतले आणि मान हलवली. “थोड्या वेळाने,” त्या म्हणाल्या. तो थोडा वेळ काही आला नाही. नऊच्या सुमारास त्या गेल्या. माणसं आली, रडली, कागद झाले, त्यांना खाली नेलं. मी त्या रिकाम्या पलंगाशेजारी उभा होतो. दुपारी परिचारिकेने मला आवरायला घेतलं आणि झाकण उघडलं, तर आतली पेज अजून वाफाळत होती. ऊब धरून ठेवण्याचा मला जन्मभर अभिमान होता. त्या दुपारी मात्र मला तो सोसवेना.

घरी आल्यावर मी माझ्या जागी गेलो आणि तिथेच राहिलो. हिंदुराव निवृत्त झाले. रविवारी ते दार लावून बसायचे. मैदानावरचा गलका वसाहतीत ऐकू यायचा, तेव्हा खिडकीही लावून घ्यायचे. माझ्यावर धूळ बसली. आत कोंदट वास धरला. एक पावसाळा गेला, दुसरा आला.

एका रविवारी नम्रता स्वयंपाकघर आवरत होती. तिने मला उचललं, हुंगलं आणि म्हणाली, “बाबा, हा आता टाकून द्यायचा का?”

हिंदुरावांनी मला तिच्या हातातून घेतलं. कोमट पाणी, मूठभर तांदूळ आणि मीठ घालून मला खळखळून धुतलं. तीनदा धुतलं. मग आयुष्यात पहिल्यांदा सोळा कपांचं आधण ठेवलं. आलं किती ते माहीत नव्हतं, साखर किती तेही नव्हतं. नम्रता सांगायला पुढे झाली, पण त्यांच्या खांद्याकडे बघून दारातच थांबली.

मैदानावर आम्हाला बघून ओरडा थांबला. लोक बाजूला झाले. हिंदुरावांनी सतरंजी टाकली, आणि मध्यंतराला माझं झाकण उघडलं. चहा पाकासारखा गोड झाला होता, आल्याने घशाला चटका बसत होता. श्रीनिवासांनी पहिला घोट घेतला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. कप पुन्हा पुढे करून त्यांनी आणखी चहा मागितला आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

विश्वजीत हातमोजे काढून कप घ्यायला आला. हिंदुरावांनी विचारलं, “घरी सगळं ठीक?”

“हो काका. म्हणजे खरं सांगायचं तर बायकोला चार दिवस ताप आहे. आज जाऊ या म्हणत होती. सामना झाला की नेतो.”

हिंदुरावांनी माझं झाकण लावलं. “आत्ता जा.”

“काका, दुसरा हाफ आहे. माझ्या जागी...”

“तुझ्या जागी कुणीही उभा राहील. तिच्यापाशी तुझ्या जागी कोण?” त्यांचा आवाज चढला आणि मग अगदी खाली आला. “जा लेकरा. माझं ऐक.”

विश्वजीत गेला. राखीव पोराने चार गोल खाल्ले आणि अरुणोदय सपाटून हरला. विश्वजीतच्या बायकोचा ताप साधा निघाला, दोन दिवसांत उतरला. ते कळल्यावर हिंदुरावांनी देवापुढे साखर ठेवली. बाकीच्यांना वाटलं, म्हातारा उगाच घाबरला. मला तसं वाटलं नाही.

मित्रांनो, मी आता फार दिवस टिकेन असं नाही. पत्रा गंजला आहे, बूड सैल झालं आहे. मला जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. थर्मास बाजारात पुष्कळ मिळतात. पण तुमच्या घरात कुणीतरी सगळ्यांसाठी चहा भरून देत असेल. ते माणूस एखाद्या सकाळी हळूच म्हणेल, ‘आज जरा बरं वाटत नाही.’ ते एकदाच म्हणेल, पुन्हा म्हणणार नाही. तेव्हा हातातलं काम खाली ठेवा आणि त्याच्यासोबत निघा.