पावावर थांबलेला काटा

चारोटी नाक्यावर ट्रकांची वायरिंग करणारा हितेश गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आधीच त्याला मूर्ख ठरवायचा. डहाणूचा मच्छीमार नविन तांडेल भंगारातून आणलेलं परदेशी बोटीचं डिझेल मीटर घेऊन आला, तेव्हा तर त्याच्या या खोडीला ऊतच आला.

"टाकीतला फ्लोट ट्रकचा आणि मीटर कुठल्या गोऱ्याचं. लग्न कसं लागणार रे यांचं?"

हेलकावणाऱ्या बोटीत टाकीत काठी बुडवून डिझेल मोजणं आता बापाला झेपत नाही, असं नविन सांगत होता. हितेशने ते ऐकूनही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी बंदरावर जाऊन त्याने टाकी काठोकाठ भरायला लावली. डिझेलवर तरंगणाऱ्या फ्लोटचा विद्युत रोध मीटरला हवा त्याहून कमी होता, त्यामुळे काटा 'फुल'च्याही पलीकडे जाऊन अडकायचा. हितेशने वायरीत एक रेझिस्टर जोडला आणि काटा नेमका 'फुल'वर आला. नविन हरखून गेला.

टाकी कोरडी झाली तरी हा काटा शून्यावर येणार नाही, पाव टाकीच्या खुणेच्या जरा खाली थांबेल, हे हितेशला ठाऊक होतं. एका रेझिस्टरने दोन्ही टोकं जुळत नाहीत. सांगावं असं क्षणभर वाटलंही. पण या अडाण्याला समजावण्यात दुपार कोण घालवणार, असं मनाशी म्हणून तो परतला.

आठवडाभरात बोट भरसमुद्रात बंद पडली. काटा पावापाशी होता आणि टाकीत थेंब नव्हता. दुसऱ्या बोटीने ओढून आणेपर्यंत बर्फ वितळून सगळी मासळी नासली.

नविनची आई पुतळी थेट दुकानात आली. हितेशने तिलाही वाकडं तोंड करून ऐकवलं, की काटा पावाखाली गेला की टाकी संपली, यात न कळण्यासारखं काय आहे.

"काहीच नाही," पुतळी म्हणाली. "म्हणून तर विचारते, सांगायला तुझी जीभ झिजली असती का?"

रांगेतले ड्रायव्हर हितेशकडे बघत राहिले.

पुतळीने त्याला बंदरावर नेलं, टाकी रिकामी करायला लावली आणि काटा थांबला तिथे काचेवर लाल खूण करवून घेतली. मग एकेका खलाशाला बोलावून हितेशला सांगायला लावलं, की काटा या खुणेवर आला की टाकी संपली. लक्ष्या खलाशी खूण बघून म्हणाला, "म्हणजे काटा इथं येईस्तोवर थांबायचं नाही, त्याच्या आधीच बंदराकडे वळायचं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. एवढ्यावरच काम भागलं.

परतताना टेम्पोत हितेश ड्रायव्हरला सांगत होता, या लोकांना सगळं चमच्याने भरवावं लागतं. ड्रायव्हरने रेडिओचा आवाज वाढवला.