महाडच्या स्कॅनरने पाहिलेले महिपतीबाबा

मी एक जुना एमआरआय स्कॅनर आहे. मित्रांनो, तरुणपणी मी पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात होतो. तिथे नवा स्कॅनर आला, माझे कौतुक सरले आणि ट्रकवर बांधून मला महाडला आणले. माझ्या खडखडाटाला लोक भितात. म्हणून संशोधनासाठी माझी निवड झाली तेव्हा मी अगदी हरखून गेलो.

कंपवाताचे आणि झोपेत हातपाय झाडणारे काही रुग्ण विचार न करता का वागतात, हे डॉक्टर आम्रपालीला मेंदूच्या चित्रांतून शोधायचे होते. त्यासाठी पोलादपूरच्या डोंगरातले, कंपवात झालेले महिपतीबाबा आले. माझ्या पोटात पडून त्यांनी हिरवा ठिपका दिसला की बटण दाबायचे, लाल दिसला की हात आवरायचा. बाबा लालवरही दाबत राहिले.

बाहेर येताच ते रडवेले झाले. "मनात आलं का हात थांबतच नाय, बाय. मी येडा झालोय काय?"

दाराशी त्यांची बायको ठकूबाई उभी होती. "पावण्यानं म्हैस बरी हाय म्हटलं, तर यांनी दावं सोडून त्याच्या हातात दिलं! भर पावसात घराची कौलं उतरवली. झोपेत मला लाथा मारतात. मी आता जाते मुंबयला लेकाकडं."

"कधीपासून, मावशी?" आम्रपालीने विचारले.

"नवी गोळी वाढवली तवापासून. लाथा मातर लय वर्सं."

आम्रपालीने दोघांना बसवले. "बाबा वेडे नाहीत आणि तुमच्यावर रागावलेलेही नाहीत. लाथा मारणं हा झोपेचा आजार असतो. आणि कंपवाताच्या अशा गोळीनं काहींचा मनावरचा ताबा सुटतो. नुसत्या चित्रावरून मला हे कळलं नसतं. तुम्ही बोललात, बरं झालं."

तिने लगेच बाबांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी गोळी हळूहळू कमी केली आणि झोपेसाठीही उपचार सुरू केले. पाहुण्याने समजुतीने म्हैस परत आणून बांधली. ठकूबाई मुंबईला गेली नाही, तिने फक्त आपली खाट वेगळी घातली.

दिवाळीनंतर बाबा पुन्हा माझ्याकडे आले. या वेळी लाल ठिपक्यावर बोट बहुतेकदा थांबले.

"आता कसं वाटतंय?" ठकूबाईने विचारले.

"हात जरा जास्त कापतो गो. पण आता माझं ऐकतो!"

कितीतरी दिवसांनी दोघे हसले.

मित्रांनो, घरातले कुणी अचानक निराळे वागू लागले तर त्याला हसू नका, लाजेपोटी लपवूही नका. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सारे सांगा. मी मेंदूची चित्रे काढतो, पण घरात काय चालले आहे, ते तुम्हीच सांगायला हवे.