दफनभूमीतल्या फावड्याचा शुक्रवार

मी एक जुने फावडे आहे. थांबा मित्रांनो, लगेच पान उलटू नका! आज मी इतके खुशीत आहे, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

माझे पाते एका लोहाराने ठोकले आणि दांडा त्याच्या बायकोने घासून गुळगुळीत केला. या यहुदी दफनभूमीच्या माळ्याने मला विकत आणले. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "चला, आवरा, रब्बी आले!" मला वाटले, रब्बीचा हंगाम आला, आता पेरणी! पाहते तर काय, पांढऱ्या दाढीचे धर्मगुरू दारात उभे. माझी चांगलीच फजिती झाली.

पण माझ्या कामाचा मान मला लवकरच कळला. इथे आपल्या माणसाला माती देण्याचे काम परक्यावर सोपवत नाहीत. नातलग स्वतः पुढे येतात. पहिल्या खेपेला मला उलटे धरतात. माती कमी येते, वेळ लागतो, आणि लागावाच, कारण या कामाची कुणाला घाई नसते. शिवाय मला एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. मातीच्या ढिगात रोवतात, पुढच्याने तिथून उचलायचे. दुःख हातोहात पुढे सरकवू नये, असा त्यामागचा भाव.

पुढे शहराबाहेर नवी दफनभूमी झाली. तिथे गाड्या लावायला ऐसपैस जागा, खणायला यंत्र. मग मला कोण विचारतो? मी खोपटात गंजत पडले. कोळ्याने माझ्यावर जाळे विणले आणि वर भाडेही दिले नाही.

आणि काल, शुक्रवारी सकाळी, फाटक करकरले! दोन भावंडे आत आली. त्यांची आई आदल्या दिवशी वारली होती. आईला मी ओळखत होते. ती नवऱ्याच्या थडग्यावर ठेवायला नेहमी आठवणीचा एक खडा आणायची आणि शेजारच्या मोकळ्या जागेतले गवत उपटायची. ती जागा तिने स्वतःसाठी राखली होती.

"ताई, हट्ट नको करूस," भाऊ म्हणाला. तो दातांचा डॉक्टर. "नव्या ठिकाणी सगळं तयार मिळेल. इथे यंत्र फाटकातून आतसुद्धा येत नाही."

नाचता येईना, अंगण वाकडे! मी मनात म्हटले.

"आई बाबांच्या शेजारीच निजणार," ताई म्हणाली.

"आणि सूर्य मावळायच्या आत खड्डा झाला नाही तर? शब्बाथचा विश्रांतीचा दिवस लागला की दफन नाही. आईला ताटकळत ठेवायचं का?"

त्याचे म्हणणेही खोटे नव्हते. माझा जीव मात्र टांगणीला लागला.

माळी म्हणाला, "कंबर धरलीय हो माझी. एकट्यानं नाही व्हायचं. कुणी बरोबर खणलं, तर होईल."

भाऊ वडिलांच्या थडग्यापाशी गेला. आईने ठेवलेला शेवटचा खडा अजून तिथेच होता. त्याने तो उचलून हातात धरला आणि परत जागच्या जागी ठेवला. मग त्याने कोट काढून बहिणीच्या हातात दिला.

"फावडं कुठंय?"

मित्रांनो, माझा आनंद गगनात मावेना! आईसाठी मला वाईट वाटत होते, खरेच वाटत होते. पण तिच्यासाठी काहीतरी करता येणार होते ना!

तिकडे भावंडांची आत्या आणि इतर बायका आईला न्हाऊ घालून पांढरी वस्त्रे नेसवत होत्या. इकडे आम्ही भिडलो. माळी दमला की भाऊ मला त्याच्या हातातून घ्यायचा, भाऊ दमला की माळी. दुपार कलली आणि खट्ट! झाडाचे जाडजूड मूळ आडवे आले. माळ्याने कपाळाला हात लावला. भाऊ मात्र गुडघ्यांवर बसला आणि माझ्या टोकाने मूळ हळूहळू मोकळे करू लागला. मुळे काढण्यात त्याचा हात कोण धरणार! शेवटी त्याने ते हिसडा देऊन उपटले आणि मी ओरडायचेच बाकी राहिले.

ऊन भिंतीवर चढले होते, तेव्हा साधी लाकडी पेटी आली. प्रार्थना झाली. भावाने मला उलटे धरून पहिली माती लोटली. मग सरळ धरून दोन खेपा केल्या. आणि दुपारभराच्या सवयीने त्याने मला सरळ बहिणीपुढे धरले!

"अरे, हातात नको!" आत्या ओरडली. "मातीत रोव! दुःख असं हातोहात द्यायचं नसतं."

तो ओशाळला. मला रोवायला वाकणार, तोच ताईने माझा दांडा धरला.

"राहू दे, आत्या. आई दोघांची होती."

क्षणभर माझ्या दांड्यावर दोघांचेही हात होते. त्याच्या तळव्याचे फोड मला जाणवले. आत्याने डोळ्यांना पदर लावला.

सूर्य मावळला तेव्हा आई बाबांच्या शेजारी होती.

जाताना सगळ्यांनी फाटकापाशी हात धुतले. भावाने मलाही धुतले, रुमालाने पुसले आणि माळ्याला म्हणाला, "हे खोपटात नका टाकू. दारापाशी ठेवा, हाताशी."

म्हणून आज मी दारात उभे आहे आणि ऊन खाते आहे. मित्रांनो, माझे एवढेच ऐका. आपल्या माणसाचे शेवटचे काम करायची वेळ आली, तर दुरून बघत उभे राहू नका. कोट काढा आणि मला धरा. हात मळतील, पण फाटकापाशी नळ आहे.