रेफरीची चौकशी

डोंबिवलीत त्या काळी फुटबॉल खेळता येणारी माणसं जेमतेम अकरा होती आणि फुटबॉल कळणारी बाकीची सगळी. मी बाकीच्यांत मोडत असे. माझ्या पायाला उभ्या आयुष्यात बॉल एकदाच लागला, आणि त्यातही पुढाकार बॉलचा होता. तरी 'सेंटर हाफ कुठे चुकला' या विषयावर मी पोपटच्या हॉटेलात चहा गार होईपर्यंत बोलत असे, आणि माणसं ऐकत. ऐकत म्हणजे, आपली पाळी यायची वाट बघत.

आमच्या क्लबाचं नाव फ्रेंड्स स्पोर्टिंग. अर्धी टीम बूट घालून खेळे, अर्धी अनवाणी. अनवाणी अर्धी बरी खेळे. सेक्रेटरी होता बाळ दिघे. बाळची बायको नीला कल्याणची, आणि त्याचे तिन्ही मेहुणे कल्याणच्या जंक्शन एलेव्हनचे कट्टर. लागोपाठ दोन वर्षं शील्डच्या फायनलमध्ये जंक्शनने आम्हाला हरवलं होतं. फायनल कल्याणलाच असे, आणि जावयाने गावात येऊन जेवल्याशिवाय परत जाणं त्याच्या सासूबाईंना चालत नसे. पहिल्या वर्षी आम्ही चार गोलांनी हरलो. रात्री मेहुण्यांनी बाळच्या पानात चार पुरणपोळ्या एकेक करून वाढल्या आणि प्रत्येक पोळीला 'गोल!' म्हणून ओरडले. दुसऱ्या वर्षी ते नुसतेच त्याच्याकडे बघून हसत राहिले. ते त्याला जास्त लागलं. "यंदा हरलो," बाळ म्हणाला, "तर मी सासरचं नाव टाकलं. नीला माहेरी गेली तर एकटी जाईल."

दोन्ही वर्षं दोष रेफरीचा होता, याबद्दल डोंबिवलीत दुमत नव्हतं. पहिल्या वर्षीचा रेफरी त्यांच्या गोलकीपरचा साडू निघाला. दुसऱ्या वर्षीचा कोणाचाच साडू निघाला नाही, पण आम्ही पुरेसं शोधलं नसेल.

तिसऱ्या वर्षी आम्ही पुन्हा फायनलला आलो. रेफरीचं नाव मॅचच्या आठवड्यात जाहीर झालं: हरिहर कारखानीस, मुक्काम ठाणे, खारकर आळी. पसंत नसेल तर शुक्रवारपर्यंत हरकत घ्यायची, असा नियम होता. पोपटच्या हॉटेलात बैठक भरली.

"कारखानीस म्हणजे बेकार माणूस," पोपट गल्ल्यावरून म्हणाला. "शिट्टी वाजवतच राहतो, असं ऐकलंय."

"अरे, शिट्टी वाजवायलाच ठेवलाय ना त्याला?"

"पण किती वाजवायची याला काही मर्यादा? आणि म्हणे, एकदा स्वतःच्या क्लबाचा गोल रद्द केला."

यावर दोन तट पडले. एक म्हणाला, असा माणूस प्रामाणिक. दुसरा म्हणाला, जो स्वतःच्या क्लबाचा झाला नाही तो आपला काय होणार? मी दोन्ही तटांकडून बोललो. शेवटी बाळ टेबलावर हात आपटून म्हणाला, "ऐकीव नको. यंदा चौकशी करायची. रीतसर."

रीतसर चौकशी म्हटलं की डोंबिवलीत एकच नाव होतं: त्र्यंबकराव टिपणीस. त्यांनी चार बहिणींची आणि असंख्य भाच्या-पुतण्यांची लग्नं जमवली होती. कोणाच्या घरी मुलगी उपवर झाली की मुलाची चौकशी करायला त्र्यंबकरावांना पाठवायचं, ही पद्धतच पडली होती. त्यांना स्वतःला तीन मुलगेच, त्यामुळे ही हौस त्यांना दुसऱ्यांच्या मुलींवर भागवावी लागे. फुटबॉलमधलं त्यांना काही कळत नसे, म्हणजे आमच्याइतकंच.

"मुलाला भेटायचं नाही," त्यांनी ठाण्याच्या वाटेत बाळला आणि मला बजावलं. "मुलगा काय, गोडच बोलणार. न्हावी, वाणी, कोळीण, समोरचं बिऱ्हाड. चार ठिकाणी विचारायचं. दूरचं नीट दिसतं का? कानाला बरा आहे का? रागीट आहे का? कोणाच्या सांगण्यात आहे का?"

बाळने माझ्याकडे बघितलं. रेफरीबद्दल विचारायला याहून चांगले प्रश्न आम्हाला सुचले नसते.

खारकर आळीच्या तोंडाशी हौसाबाई कोळीण पाटी घेऊन बसली होती. त्र्यंबकरावांनी आधी पापलेटांची चौकशी केली, मग सहज म्हणावं तसं म्हणाले, "ते कारखानीस इथेच राहतात ना? मुलगा कसा आहे हो?"

"हरिहर?" हौसाबाईने कपाळाला हात लावला. "पोर सोन्यासारका, पन मेला लई खडूस! एकेक मासली कल्ला उघडून बगतो. काल माजी सक्की भावजय पाटी घेऊन गेली, तर तिला सांगतो, मावशी, ही शिली हाय, दुसऱ्याला पन देऊ नको. दुसऱ्याला पन!"

"व्यसन?"

"व्यसन शिट्टीचा. रविवारचा जातो कुठं तरी पोरांच्या मागं पलायला."

न्हाव्याने सांगितलं, मुलगा उधारी ठेवत नाही आणि कोणाबद्दल वाईट बोलत नाही, त्यामुळे त्याची दाढी करायला कंटाळा येतो. वाण्याने सांगितलं, दृष्टी उत्तम. तराजूचा काटा रस्त्यावरून दिसतो त्याला. बाळचा चेहरा उजळत चालला. मी मनातल्या मनात शील्ड ठेवायला जागा शोधू लागलो.

एवढ्यात एक परकरातली मुलगी धावत आली. "तुम्हाला विमलाकाकू घरात बोलावतायत. म्हणाल्या, उन्हात उभं राहून विचारण्यापेक्षा आत येऊन विचारा."

खारकर आळीत बातमी आमच्यापेक्षा वेगाने चालत होती. विमलाबाई म्हणजे रेफरीच्या आई. नाही म्हणणं बरं दिसेना. आत गेलो तर सतरंजी अंथरलेली, आणि ताटलीत कानवले. मी बाळला हळूच म्हटलं, "काय सुसंस्कृत माणसं आहेत! रेफरीच्या घरी इतका पाहुणचार आपल्याकडे झाला असता का?"

"सत्ताविसावं सरलं त्याला," विमलाबाई सांगू लागल्या. "नगरपालिकेत कायम झालाय. कोणाच्या दबावाखाली येत नाही हो. माझ्यासुद्धा."

"उत्तम!" बाळ म्हणाला. "हेच हवं होतं आम्हाला."

विमलाबाईंना गहिवरून आलं. इतका समजूतदार वधूपक्ष त्यांनी पाहिला नसावा. पण हे मी आता म्हणतोय. तेव्हा मी दुसरा कानवला उचलत होतो.

"तुमची मुलगी काय शिकलीये?" त्यांनी त्र्यंबकरावांना विचारलं.

त्या क्षणी आम्हा तिघांनाही कळलं. 'अहो, गैरसमज झाला, आम्ही फुटबॉलवाले' एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण त्र्यंबकरावांना तो प्रश्न आयुष्यात इतक्या वेळा विचारला गेला होता, की उत्तर त्यांना न विचारताच बाहेर पडलं.

"मॅट्रिक."

"रंगाने?"

"उजळ. स्वयंपाकपाणी, शिवण, सगळं येतं."

"नाव काय म्हणालात?"

"उत्तरा," त्र्यंबकराव म्हणाले, आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. बाळने माझ्या गुडघ्याला चिमटा काढला. मी काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, "पेटी पण छान वाजवते."

बाहेर पडताना दारातच हरिहर भेटला. उंच, किडकिडीत, सायकलीला कुलूप लावत होता. आईने आतून ओळख करून दिली, "डोंबिवलीची मंडळी रे." त्याने मान खाली घालून नमस्कार केला आणि कानापर्यंत लाल झाला.

आम्ही परत निघालो. मग बाळ म्हणाला, "ते मॅच झाल्यावर बघू. पण रेफरी फर्स्ट क्लास आहे." शुक्रवार उलटून गेला. आम्ही हरकत घेतली नाही. उलट पोपटच्या हॉटेलात जाहीर केलं, की यंदाचा रेफरी म्हणजे धुतल्या तांदळासारखा, आम्ही स्वतः पारखून घेतलाय. लग्नाचा भाग सांगितला नाही. पारखण्याच्या तपशिलात शिरू नये.

फायनलला अख्खी डोंबिवली लोटली. त्र्यंबकरावांनी कोट घातला होता. हरिहर मैदानात उतरला, पहिली शिट्टी मारण्याआधी त्याने आमच्या बाजूला बघितलं, त्र्यंबकराव दिसले, आणि तो पुन्हा लाल झाला. "शुभशकुन," मी बाळच्या कानात म्हणालो.

आमचा सेंटर फॉरवर्ड सहदेव भोईर, अनवाणी गटातला. हाफ टाइमच्या आधी त्याने त्यांच्या दोघांना चकवून असा गोल मारला, की गोलकीपर जागचा हलला नाही. आम्ही टोप्या उडवल्या. शिट्टी झाली. ऑफसाइड.

 बाळचा मोठा मेहुणा पलीकडून ओरडला, "अरे, हा गोल होता की रे!" पुढे मात्र तो गप्प बसला, शहाणा माणूस.

दुसऱ्या हाफमध्ये बॉल आमच्या बॅकच्या खांद्याला लागला. खांद्यालाच. मला दिसलं, बाळला दिसलं, त्र्यंबकरावांनासुद्धा दिसलं आणि त्यांना तर चष्मा होता. हँडबॉल! पेनल्टी! जंक्शनने गोल केला. मग आम्हाला धक्का दिला की खेळ चालू, आणि आम्ही धक्का दिला की शिट्टी. एका गोलने हरलो.

"साडू!" आमच्यातला कोणीतरी ओरडला. "कोणाचा साडू आहे हा, शोधा रे!"

सहदेव गुडघ्यात डोकं घालून बसला होता. आम्ही तिघे कडेला बाकावर दगडासारखे. तेवढ्यात हरिहर घाम पुसत थेट आमच्याकडे आला आणि त्र्यंबकरावांच्या पायाला हात लावायला वाकला.

"काका, तुमची माणसं रागावली असतील."

"नाही, नाही," त्र्यंबकराव म्हणाले.

"तो ऑफसाइड... आता मला वाटतं, नव्हता. पण त्या क्षणाला शंका आली. आणि मी घरून ठरवूनच निघालो होतो, शंका आली की निर्णय डोंबिवलीविरुद्ध. उद्या कोणी म्हणायला नको, की कारखानीसने सासऱ्यांच्या गावाला सांभाळून घेतलं." "आईला तुम्ही फार आवडलात. म्हणाली, मंडळी चौकस आहेत, माणूस पारखून घेतात. म्हटलं, मग तर जास्तच जपायला हवं."

बाळ ताडकन उठला. त्याच्या डोळ्यांत मी शील्ड बघितलं. रेफरीने स्वतःच्या तोंडाने चूक कबूल केली होती. समितीचा तंबू तिथे, पन्नास पावलांवर. 'प्रोटेस्ट' एवढा शब्द उच्चारला की मॅच पुन्हा, दुसरा रेफरी, आणि मेहुण्यांची तोंडं बंद.

तो तंबूकडे निघाला. आम्ही मागोमाग. मधेच तो थांबला.

"कारण काय सांगायचं?" त्याने विचारलं.

"रेफरी म्हणाला, शंकेत विरुद्ध दिलं."

"का दिलं म्हणून विचारतील ना? मग सांगायचं, आम्ही त्याच्या घरी मुलगी सांगून आलो होतो. विचारतील, कुठली मुलगी? पेटी वाजवणारी?" बाळने माझ्याकडे असं बघितलं, की पेटी ही माझी भर होती हे मला पहिल्यांदाच खटकलं.

"कल्याण हसेल," मी म्हणालो.

"कल्याण आपल्याला हसेल. ठाणं त्या पोराला हसेल." त्र्यंबकरावांनी कोटाची बटणं लावली. "खारकर आळीत त्या बाईला पाणी भरायला बाहेर पडणं नको होईल."

मागे वळून बघितलं. हरिहर एकटाच उभा राहून बॉलमधली हवा सोडत होता. आमच्यातली दोन पोरं त्याला लांबून 'साडू' म्हणत होती, आणि तो ते ऐकून मान खाली घालून हसत होता. त्याला वाटत होतं, ही घरचीच थट्टा.

आमच्या मनात फार उदात्त काही आलं, असं मी म्हणणार नाही. लाज वाटत होती, एवढंच, आणि ती आपली आपल्यापुरती ठेवलेली बरी असं तिघांचंही मत पडलं.

बाळ तंबूत शिरला. समितीचे अध्यक्ष तयारच होते. "काय सेक्रेटरी, यंदाही प्रोटेस्ट ना?"

"नाही," बाळ म्हणाला. "शील्ड कधी देताय, ते विचारायला आलो."

पुढे त्र्यंबकराव स्वतः पेढे घेऊन ठाण्याला गेले आणि पत्रिका जुळत नाही असं सांगून आले. जी मुलगी जन्मालाच आली नव्हती तिची पत्रिका जुळेना, यात खोटं काही नव्हतं. माघात त्यांनीच हरिहरसाठी पनवेलची एक मुलगी शोधून दिली, खरोखरची. डोंबिवलीत मात्र त्याचं नाव कायमचं खराब झालं. तो कोणाचा साडू आहे, हे आम्हाला माहीत होतं म्हणून आम्ही गप्प आहोत, अशी पोपटच्या हॉटेलात समजूत होती.

पण त्या संध्याकाळी बाळला सासरी जेवायला जायचंच होतं. आधार म्हणून त्याने मला बरोबर नेलं; नीला सकाळीच पुढे गेली होती. तिन्ही मेहुणे ओटीवर रांगेत बसले होते. थोरल्याने पाट सरकवला.

"या भावोजी, बसा. सांगा, यंदाचा रेफरी कोणाचा कोण?"

"कोणाचा कोणी नाही," बाळ म्हणाला. "अतिशय सज्जन माणूस. तुम्ही चांगले खेळलात."

 मेहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. धाकटा तोंड उघडून होता, त्याच्या तोंडातलं वाक्य तिथेच राहिलं. वर्षभर घासून ठेवलेले टोमणे वापरायला माणूस समोर बसलेला, आणि तो माणूस शांतपणे भातावर वरण कालवत होता.

मधला मेहुणा उठून आत गेला. आतून त्याचा दबका आवाज आला, "नीले, भावोजींना बरं नाहीये का गं?"