बर्फ कधी निघणार?

देवगडला मच्छीमार सोसायटीचा बर्फाचा कारखाना उभा राहिला, तेव्हा काशीराम तारी सोसायटीचा सेक्रेटरी होता. नारळी पौर्णिमेपासून बर्फ मिळेल, असा शब्द त्यानं होडीवाल्यांना देऊन ठेवला होता. यंत्रं बसवायला मुंबईहून साल्वादोर सोज आला होता. माणूस मूळचा मालवणचा, पण बोलणं मोजकं.

सण तोंडावर आला तरी यंत्र बंदच. काशीराम रोज विचारी, "कधी?" साल्वादोर म्हणे, "चाचणी चालू आहे."

शेवटी काशीराम भडकला. "लोकांना काय सांगू मी?"

"खरं सांगा."

"खरं काय, ते मला तरी कळलंय का?"

साल्वादोरनं काशीरामला आत नेलं आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेला ब्रश हातात दिला. "या सांध्यावर फिरवा."

काशीरामनं फिरवला. सांध्यावर बारीक फुगे आले.

"पाइपात आता नुसती हवा आहे. पाणी गोठवणारा अमोनिया वायू भरला की इथूनच गळेल. आत असलेल्याचे डोळे जातील, जीवही जाईल."

इतके दिवस काशीराम चाचणी म्हणजे टाळाटाळ समजत होता. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही 'कधी' एवढंच विचारत होता."

"मग आता बंदरावर चला. एकट्यानं हे सांगायची माझी छाती नाही."

बंदरावर हे ऐकून लोक चिडले. पण लिलावात मासळी घेऊन कोल्हापूरला पाठवणाऱ्या यमुनाबाईनं वेगळंच विचारलं. "उशीर झालो तर होवंदे. बर्फ खंयच्या वेळार निघतलो?"

"पहाटे," साल्वादोर म्हणाला.

"होड्यो दुपारी येतत, ट्रक सांजचो सुटता. पहाटचो बर्फ तोपर्यंत रवतलो खंय?"

साल्वादोरनं काशीरामकडे पाहिलं. "हे तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"मला वाटलं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं," काशीराम ओशाळून म्हणाला.

परतताना, दुपारी बर्फ निघायला साच्यांत पाणी कधी भरायचं, यावर दोघं वाटभर बोलत राहिले.

पौर्णिमा बर्फाशिवायच गेली. काशीरामनं टोमणे ऐकून घेतले. भाद्रपदात एका दुपारी, होड्या किनाऱ्याला लागत असताना, पहिली लादी बाहेर आली. यमुनाबाईनं तिच्यावर तळहात टेकवला आणि चटकन मागे घेतला.

"गो बाय, चावता हां ह्यो!"

साल्वादोर पहिल्यांदाच मोठ्यानं हसला. काशीराम लादी फोडायला हातोडा शोधू लागला.