ताईला लिहिलेली पहिली ओळ

मित्रांनो, एका खणात माझ्याशेजारी एक पत्र आठ महिने पडून होतं. त्याला उत्तर गेलं नव्हतं. माझी गोष्ट तिथूनच सुरू करतो. नीट सांगता येईल की नाही, याची मात्र शंकाच आहे.

मी एक जुना मोबाइल. पडदा तळहाताएवढाही नाही, आणि कोपऱ्यात तडा. नवा होतो तेव्हा माझं फार कौतुक झालं. पुढे मोठ्या पडद्याचे भाऊ आले आणि मला जाहिरातीच्या एका कचेरीत तपासणीचं काम मिळालं. मला कुणाचा फोन येत नसे.

तिथे जाहिराती लिहिणारे एक वयस्कर गृहस्थ होते. साधी ओळही पुस्तकासारखी लांबवत, म्हणून सगळे त्यांना पुस्तककाका म्हणत. ते संगणकावर मजकूर लिहीत, मला पाठवत आणि मला एका हातात धरून जिना चढता-उतरता वाचत. लोक मोबाइलवर असंच वाचतात ना, घाईत, अंगठ्याने सरकवत!

चष्म्याच्या दुकानाची जाहिरात त्यांनी 'माणसाने काच घडवली तेव्हापासून' अशी सुरू केली. माझ्या पडद्यावर नुसती काचच मावली.

"काका, चष्मा येईपर्यंत गिऱ्हाईक घरी पोचलं!" शेजारच्या टेबलावरची चित्रकार म्हणाली.

काकांनी ते खोडलं. उरलं एवढंच: 'अक्षरं पुसट दिसतात? आज डोळे तपासून घ्या.' खाली एकच बटण. जाहिरात खूप चालली. शाबासकी काकांना मिळाली, मी खणात गेलो.

खणात ते पत्र होतं. काकांच्या थोरल्या बहिणीने शेजारणीकडून लिहून घेतलेलं. 'मला आता फक्त मोठी अक्षरं दिसतात. येऊन चार पानं वाचून दाखवशील का?'

सगळे जेवायला गेले की काका मला काढून उत्तर लिहीत. 'प्रिय ताई, विलंबाबद्दल क्षमा कशी मागावी...' मग आणखी क्षमा. मग "छे, नाही उतरलं" म्हणत खण बंद. अंधारात पुन्हा पत्र आणि मी.

एके दिवशी माझ्यावर जाहिरात तपासताना त्या चित्रकार मुलीने चुकून तोच मजकूर उघडला.

"काका, चार वेळा सरकवलं. काय विकायचंय तेच कळेना!"

काकांचे कान लाल झाले. "ते... ताईला आहे."

ती ओशाळली. मग हळूच म्हणाली, "जाताय ना पण?"

"जायचंय गं. आता कोणत्या तोंडाने जाऊ?"

"ते खाली लिहा. येताय, हे आधी लिहा."

काका मला घेऊन जिन्यात गेले. पायरीवर बसून लिहिलं, 'ताई, पुढच्या रविवारी येतो. वाचायला.' सगळं मावलं, अर्धा पडदा रिकामाच राहिला. त्यांचा अंगठा पुसायच्या खुणेपाशी थबकला. पण मग त्यांनी खिशातून कोरं कार्ड काढलं आणि बोटभर उंच अक्षरांत तेच उतरवलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. माझे दिवस सरले. पण तुमच्या खणात कुणाचं पत्र असेल, तर सुंदर वाक्य सुचायची वाट पाहू नका. पलीकडे कुणीतरी दाराकडे कान लावून बसलेलं असतं.

त्या संध्याकाळी मी काकांच्या खिशात होतो. टपालपेटीपाशी ते बराच वेळ उभे राहिले. मग कार्ड आत पडल्याचा आवाज आला.